मॅडमचे अंगठे

आमच्या मॅडमना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पाठी मात्र जन्मभर राहत. आम्ही दोघी नॅपकिनचं कापड घ्यायला गुलमंडीत गेलो की समोरून एखादा पेशंट हात जोडून नमस्कार करायचा आणि या त्याच्याकडे कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहायच्या. तो बिचारा ओशाळून पुढे निघून जायचा. तो गेला की मॅडम मागे वळायच्या, त्याची पाठमोरी चाल बघायच्या आणि भर बाजारात हाक मारायच्या, "अहो, डाव्या कुल्ल्यावर भार द्या की. व्यायाम सोडलाय वाटतं." आजूबाजूच्या दुकानांतली गिऱ्हाइकंही मग त्या माणसाच्या डाव्या कुल्ल्याकडे बघायची. त्यातल्या एकानं पुढे गुलमंडीतून जाणंच बंद केलं असं मी ऐकलं. मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांचा दवाखाना औरंगपुऱ्यात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होता. जिना उभा, अरुंद आणि मध्येच वळणारा. कंबरदुखीच्या दवाखान्याला असा जिना म्हणजे दात पडलेल्यांसाठी फुटाण्यांचं दुकान. तळमजल्यावरची चांगली जागा चालून आली होती, त्यांच्या नवऱ्यानं चार वेळा सुचवून पाहिलं, पण मॅडम हलल्या नाहीत. पेशंट खालून चढायला लागला की या वरच्या पायरीवर हाताची घडी घालून उभ्या. माणूस कठड्याला धरून, आई गं, देवा रे करत येतोय आणि या ढिम्म. आधाराला हात नाही, 'या बसा' नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, बाई फार मिजासखोर आहे. खरं म्हणजे तोवर त्याची निम्मी तपासणी झालेली असायची. कोणता पाय आधी टाकतो, कुठे दम धरतो, कोणत्या बाजूला झुकतो, सगळं त्यांनी वरून पाहून ठेवलेलं असायचं.

वर आलं की बसायला खुर्ची नाही. खुर्चीवर त्यांचा भारी राग. "बसून बसून तर इथवर आलात, अजून बसायचंय व्हय?" असं विचारायच्या. लोक भिंतीला टेकून उभे राहायचे आणि मॅडम पडद्याच्या फटीतून कोण कसं टेकलंय ते बघायच्या. पेशंटबरोबर आलेली माणसं कंटाळून खाली भांड्यांच्या दुकानात जाऊन बाकावर बसायची आणि रिकाम्या हातानं उठायचं बरं दिसत नाही म्हणून एखादं पातेलं विकत घ्यायची. दुकानदार दर दिवाळीला मॅडमना एक स्टीलचा डबा द्यायचा तो काही उगाच नाही.

बोलायला त्या चारचौघांसारख्या होत्या, म्हणजे शहरातल्या शिकलेल्या बाईसारख्या. पण हाताखाली आखडलेला स्नायू आला की देवगाव रंगारीचं माहेर तोंडात यायचं. माहेर मोठं बागायतदाराचं. त्यामुळे शब्द निवडून वापरायची सवय नव्हती. 'कुल्ला' हा शब्द तर त्या देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायच्या. एकदा एका निवृत्त तहसीलदारसाहेबांना त्यांनी त्यांच्या सुनेसमोर सांगितलं, "साहेब, तुमचे कुल्ले झोपलेत." साहेब कानापर्यंत लाल झाले. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की मॅडमना 'नितंब' म्हणता येईल का ते बघा. मी निरोप पोचवला. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि मला विचारलं, "नितंब म्हटल्यावर ते उठतील व्हय?"

पण त्यांचं सगळं शास्त्र त्या झोपलेल्यांवरच उभं होतं. लोक यायचे आणि कंबरेवर हात ठेवून सांगायचे, इथं दुखतं, उसण भरलीय, शीर चढलीय. मॅडम तिकडे बघायच्याही नाहीत. म्हणायच्या, दुखतंय तो चोर नाही, तो राबणारा आहे. मग समजावून सांगायच्या. पाठीचे स्नायू म्हणजे घरातली थोरली सून. कुल्ल्याचे म्हणजे धाकटा लेक. सून पहाटेपासून राबते, लेक ऊन डोक्यावर येईस्तोवर लोळतो. एक दिवस सून भांडी आपटायला लागते आणि तुम्ही म्हणता, सून वाईट. अहो, तिला मलम कसलं लावता, त्या लोळणाऱ्याला उठवा की. हे एकदा त्यांनी एका सासू-सुनेच्या जोडीला सांगितलं. सासू परत कधी आली नाही. सून मात्र येत राहिली, एकटी, आणि जिना चढताना चक्क गुणगुणायची.

घरीही हाच प्रकार. नवऱ्याच्या मागून चार पावलं चालायची जुनी रीत आमच्या मॅडम निष्ठेनं पाळायच्या. शेजारणींना त्याचं फार कौतुक. कारण मला ठाऊक होतं. पुढून चाललेल्या नवऱ्याचा उजवा खांदा किती उतरलाय ते मागूनच नीट दिसतं. ते गृहस्थ सज्जन होते. मला म्हणाले होते की रस्त्यावर बायकोचं तोंड कसं दिसतं ते लग्नाला इतकी वर्षं होऊन मला माहीत नाही.

आता अंगठ्यांबद्दल सांगते. लोक जिना चढून, उभं राहून, कुल्ल्यांचा उद्धार ऐकूनही यायचे ते या अंगठ्यांसाठी. आखूड, रुंद, पुढून चपटे. पेशंटला कुशीवर झोपवायच्या, डोळे मिटायच्या आणि अंगठा कंबरेच्या कडेनं हळूहळू सरकवत न्यायच्या. एका जागी तो थांबायचा. पेशंट 'आई गं' म्हणायचा. मॅडम म्हणायच्या, "आईला कशाला बोलावता, तिचीच कंबर दुखत असंल." मग दाब द्यायच्या, आणि नुसत्या धरून राहायच्या. चोळणं नाही, रगडणं नाही. बराच वेळ काही होत नसे. नंतर तो ताठलेला स्नायू त्यांच्या हाताखाली सैल पडायचा आणि टेबलावरच्या माणसाच्या तोंडून आपोआप मोठा श्वास बाहेर यायचा. तो श्वास ऐकायला मी पडद्याआड उभी राहायचे. एवढं मोठं सुख त्या दोन बोटांत होतं आणि ते मला शिकायचं होतं.

पण मॅडम मला पेशंटला हात लावू देत नसत. व्यायाम शिकव, शेकायला गरम पिशव्या दे, नॅपकिन घडी कर. हाताचं काम त्यांचं. एकदा त्या फोनवर होत्या म्हणून मी एका बाईच्या कंबरेला नुसता हात लावला, तर फोन तसाच कानाला ठेवून आल्या आणि माझं मनगट धरून बाजूला केलं. मला राग यायचा, स्वच्छ सांगते. दिवसभर जगाला सांगायचं की एकट्यानं राबू नका, झोपलेल्यांना कामाला लावा, आणि आपल्या दवाखान्यात एक धडधाकट पोरगी नॅपकिनच्या घड्या घालत उभी. त्यांचे अंगठे दुखत होते हे मला दिसत होतं. चहाचा ग्लास त्या दोन्ही तळव्यांत धरायला लागल्या होत्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण मला उघडायला लावायच्या आणि म्हणायच्या, थंडीनं घट्ट बसलंय. मे महिन्यात.

मला नोकरी देताना त्यांनी माझे मार्क पाहिले नव्हते. जिना चढायला लावला होता आणि आडनाव-गाव विचारलं होतं. आमचं घर मेंढरांवर जगलेलं. सुगी झाली की आमच्या आज्याची मेंढरं देवगावच्या रानांत खतासाठी बसायची. मॅडमना ते आठवलं. म्हणाल्या, "तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची. लेंडी चांगली पडायची." झाली मुलाखत.

त्यामुळे माझ्या आबांची कंबर गेली तेव्हा मी त्यांना दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. आबा अजून मेंढरं राखत होते. थोरला भाऊ वाळूजला कंपनीत लागला, मी संभाजीनगरला आले, कळप मात्र आबांनी सोडला नाही. त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांना दुपारनंतर चालवेना. वाटेतच खाली बसायला लागले. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले, फिजिओथेरपी करा, पण मेंढरांमागं हिंडणं आता झेपणार नाही. भावानं नेमकं तेवढंच धरलं. व्यापाऱ्याशी बोलणं केलं. दिवाळी झाली की व्यापारी येऊन कळप घेऊन जाणार होता. भावाचं चुकत होतं असंही नाही, बापाला रानात पडलेलं बघून कुणालाही तेच सुचेल. आबा काही भांडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "मेंढरं गेली तर मी सकाळी उठून कुणाकडं बघू?" हे ऐकून मी रात्री रडले.

आबा औरंगपुऱ्यात आले. ते शेवटपर्यंत औरंगाबादच म्हणणार, तसे ते औरंगाबादेत आले आणि काठी हातात घेऊन आमचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढून गेले. वर मॅडम घडी घालून उभ्या. त्यांचा चेहरा पडला. जिन्यानं पहिल्यांदाच दगा दिला होता. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. आबा डोंगरातला माणूस, त्यांना जिन्याचं काय. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मामा, तुमची कंबर इथं दुखतच नाय. ती रानात दुखती. मी रानात येते."

आणि रविवारी खरंच आल्या. साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर नवऱ्याची टोपी. देवगावच्या एका मका निघालेल्या रानात कळप चरत होता. आबांनी पाणी दिलं, घोंगडी अंथरली. मॅडम बसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम करा, मी मागनं बघते. आबा पुढे निघाले, मॅडम चार पावलं मागे, नजर आबांच्या कंबरेखाली. आता सांगा, बागायतदाराची लेक आपल्या मागून चालतेय आणि आपण पाठ करून पुढे चाललोय, हे आमच्या आबांना जमणार कसं? ते सारखे अदबीनं थांबून त्यांना पुढे व्हा म्हणायचे, नाहीतर वळून काहीबाही विचारायचे. मॅडम ओरडायच्या, "मामा, पुढं बघून चाला. तुमच्या तोंडाचं मला काम नाय." आई बांधावर बसून पदरात तोंड खुपसून हसत होती. बाकीच्या मेंढक्यांच्या बायकांनी तर त्या दिवशी भाकरी टाकायचीच सोडून दिली. आबांना बायका असं निरखून बघतात हे आमच्या आईला त्या वयात पहिल्यांदा कळलं.

दुपार झाली तेव्हा मॅडमना सापडलं. मेंढरं एका जागी चरायला लागली की आमचे लोक बसत नाहीत. काठी रोवायची, दोन्ही हात तिच्या टोकावर, हातांवर हनुवटी, एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा नुसता टेकवायचा. घटकान् घटका. आबांचा भाराचा पाय कायम उजवाच. आयुष्यभर उजव्या बाजूनं सगळा भार वाहिला आणि डावी बाजू आराम करत राहिली. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी आबांच्या कुल्ल्याकडे बोट दाखवून आईला सांगितलं, "हा बघा तुमचा लोळणारा." आईला आता पदरही पुरेना.

उपाय त्यांनी तिथल्या तिथे फर्मावला. काठी डाव्या हातात घ्या, घोंगडी दुसऱ्या खांद्यावर, आणि चालतानाही सगळं उलटं. आबांनी मान डोलावली. मोठ्या माणसांना नाही म्हणायचं नाही हा आमच्याकडचा जुना रोग. काठी डाव्या हातात घेतली आणि थोडं पुढे गेल्यावर कळप वळवायला सवयीनं उचलली. मेंढरं काठीपासून लांब पळतात. इतकी वर्षं काठी उजवीकडून यायची आणि ती डावीकडे, पडीक रानात वळायची. आज काठी डावीकडून आली, तर सगळा कळप उजवीकडे वळला आणि उभ्या कपाशीत शिरला. कपाशी होती मॅडमच्या चुलतभावाची.

चुलतभाऊ ओरडत आला. आबांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच्या उभ्या पिकात मेंढरं घातली असं आयुष्यात त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. ते हात जोडायला लागले तेव्हा मॅडम टोपी सावरत मध्ये आल्या आणि भावाला म्हणाल्या, "त्यांना काय बोलू नको. मी शिरवली." भावानं बहिणीकडे नीट बघितलं. शहरात राहून हिला काहीतरी झालंय असं त्याला वाटलं असावं. मग त्या स्वतः कपाशीत उतरल्या आणि मेंढरं हाकायला लागल्या. कॅनव्हासच्या बुटांना मेंढरं भीक घालत नाहीत, हे सांगायला नकोच. काठी पुन्हा उजव्या हातात घेऊन आबांनीच कळप बाहेर काढला.

परत येताना गाडीत मॅडम गप्प होत्या. त्यांना एवढं गप्प मी कधी पाहिलेलं नव्हतं. शहर जवळ आल्यावर म्हणाल्या, चालताना काठी राहू दे त्यांची. फक्त उभं राहताना पाय बदलायचा. आणि उजवी बाजू मी हातानं सोडवते. दर आठवड्याला आण.

आबा येत राहिले. एसटीनं यायचे, काठी घेऊन. मेंढरं तेवढ्या वेळापुरती आई बघायची. पाय बदलून उभं राहायची सवय त्यांना लागली, डाव्या कुल्ल्याचे व्यायाम ते रानात कुणी बघत नाही असं पाहून करायचे. मॅडमच्या हातांनी फरक पडायला लागला होता. दुपारपर्यंत चालणं होत होतं. पण सगळं सुटलं नव्हतं आणि दिवाळी तोंडावर आली होती. भाऊ म्हणाला, दिवाळीपर्यंत आबा संध्याकाळपर्यंत चालले तर व्यापाऱ्याला नाही म्हणतो. तो शब्दाचा पक्का आहे, दोन्ही बाजूंनी.

त्या दिवशी आबा टेबलावर डाव्या कुशीवर होते, तोंड भिंतीकडे. मॅडमनी डोळे मिटले, अंगठा सरकवला, जागा सापडली, दाब दिला आणि झटका बसावा तसा हात उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. कोपर लावून पाहिलं. पण कोपराला आतलं कळत नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरलेला, आणि चेहरा पांढराफटक. त्यांना घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"पोरी, इकडं ये," त्या म्हणाल्या. मला वाटलं, गरम पिशवी मागतायत. "पिशवी नको. हात लाव."

आबांनी ऐकलं आणि उठून बसायला लागले. आमच्यात बाप लेकीचा हात पायाला लागू देत नाही. लेकीकडून सेवा घेणं म्हणजे पाप. लहानपणी त्यांच्या पायात काटा मोडला तरी मला काढू दिला नव्हता. "नको बाई," ते म्हणाले. "लेकीचा हात नाय."

"मग मेंढरं विका," मॅडम म्हणाल्या.

बोलणं कठोर होतं, पण त्यांचा आवाज कापत होता. मग त्या पुढे झाल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझा हात तिच्या हातावर हाय, मामा. मीच दाबतीय असं समजा."

आबांनी भिंतीला टेकवलेल्या आपल्या काठीकडे बघितलं. नंतर पुन्हा कुशीवर झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी अंगठा ठेवला. मॅडमचा तळवा माझ्या हातावर आला, गरम आणि जड. त्या मला कडेनं खाली घेऊन गेल्या. इथं नाही, आणखी मागं, हं. अंगठ्याखाली दोरीसारखं काहीतरी ताठ लागलं. इतकी वर्षं आबांनी ज्याच्यावर उभं राहून कळप राखला, आम्हाला शिकवलं, ते हेच. मला रडू फुटत होतं आणि हात हलवायचा नव्हता. मी धरून राहिले. घाई करू नको, त्या कानाशी म्हणाल्या. मी डोळे मिटले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. ते ताठलेलं हळूहळू सैल व्हायला लागलं आणि आबांनी मोठा श्वास सोडला.

"बाई, आज बरूबर जागी हाय," ते म्हणाले. "असंच धरा."

"मी खिडकीत हाय, मामा," मॅडम म्हणाल्या. "मघापासनं."

मी डोळे उघडले. माझ्या हातावर कुणाचा हात नव्हता. मॅडम लांब खिडकीशी उभ्या होत्या, अंगठ्याला गरम पिशवी गुंडाळून, आमच्याकडे पाठ करून. खाली दुकानात कुणीतरी पातेली वाजवून बघत होतं. माझे हात आपोआप ढिले पडले. आता आबा उठणार, चप्पल घालणार आणि मुकाट्यानं जिना उतरून जाणार, असंच मला वाटलं.

आबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. अंगही काढून घेतलं नाही.

"मग ढिला का सोडलास?" ते म्हणाले. "दाब की. मेंढरं सोडून आलोय."